चिमणीखालचा दुसरा कारखाना

तिरोड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पातला 660 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालतो, तेव्हा चिमणीतून तासाला साधारण साडेपाचशे ते सहाशे टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. असे पाच संच तिथे 2012 ते 2014 या काळात एकापाठोपाठ सुरू झाले. त्याच गोंदिया जिल्ह्यात देवरी आहे. धान, जंगल आणि मुंबई-कोलकाता महामार्ग ही या तालुक्याची ओळख. देवरीच्या माणसाला जिल्ह्यातला हा वायू कुठे जातो हे विचारायचा हक्क आहे, आणि तो पकडता येतो का, हेही.

पकडता येतो, आणि ही विद्या नवी नाही. अमाइन नावाच्या रसायनाने वायू धुण्याचे पेटंट अमेरिकेत 1930 मध्येच मिळाले होते. उत्तर प्रदेशात आंवला आणि फूलपूर इथले इफ्कोचे खत कारखाने 2006 पासून भट्टीच्या धुरातून दिवसाला प्रत्येकी 450 टन कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून युरियासाठी वापरू लागले. पण ते धूर नैसर्गिक वायूचे, म्हणजे स्वच्छ. कोळशाच्या धुराची गोष्ट वेगळी.

यंत्राचा गाभा म्हणजे दोन उंच मनोरे. कोळशाच्या धुरात, म्हणजे फ्लू गॅसमध्ये, कार्बन डायऑक्साइड जेमतेम 12 ते 14 टक्के असतो, उरलेला बहुतेक नायट्रोजन. चिमणीकडे निघालेला हा धूर सव्वाशे अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तो आधी चाळीसपर्यंत थंड करायचा. त्यातला गंधकाचा वायू जवळपास संपवायचा, कारण तो अमाइनशी कायमचा चिकटतो आणि महागडे द्रावण वाया जाते. मग पहिला मनोरा, अॅबसॉर्बर. त्यात धातूच्या पन्हाळी पत्र्यांचे थर रचलेले असतात. खालून धूर चढतो, वरून अमाइन झिरपते आणि वाटेत कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. एवढ्या थरांतून धूर ढकलायला जास्तीचे पंखे लागतात. कागदावर छोटी वाटणारी ही बाब वीजबिलात चांगलीच दिसते.

खरी मेख दुसऱ्या मनोऱ्यात, स्ट्रिपरमध्ये आहे. तिथे अमाइन 120 अंशांपर्यंत तापवून वायू सोडवून घ्यायचा, म्हणजे तेच अमाइन पुन्हा वापरता येते. उकड्या तांदळाच्या गिरणीत धान भिजवायला फारसा खर्च येत नाही, खर्च येतो तो वाफेचा, इथेही तसेच. जुन्या पद्धतीच्या अमाइनला टनभर वायूमागे साडेतीन ते चार गिगाज्यूल उष्णता लागते, नव्या द्रावणांना त्याहून कमी. ही वाफ टर्बाइनमधूनच काढावी लागते. वायू दाबून शंभरावर बारपर्यंत न्यायला कॉम्प्रेसर लागतो, तो वेगळा. हिशेब मांडला तर 660 मेगावॅटच्या संचाची सुमारे पाव वीज हा चिमणीखालचा दुसरा कारखानाच खातो. म्हणून अभियंत्यांची सगळी धडपड पकडण्याची टक्केवारी वाढवण्यापेक्षा उष्णता वाचवण्यासाठी चालते: गरम अमाइनची ऊब थंड अमाइनला द्यायची, नवी द्रावणे शोधायची.

आपल्या देशात असे प्रयोग झाले आहेत. तुतिकोरिनच्या अल्कली कारखान्यात 2016 पासून कोळशाच्या बॉयलरचा वायू सोडा अॅश करायला वापरला जाऊ लागला. क्षमता वर्षाला 60 हजार टन. जमशेदपूरला टाटा स्टीलने 2021 मध्ये ब्लास्ट फर्नेसच्या वायूवर दिवसाला 5 टनांचा प्रकल्प उभारला. एनटीपीसीने 2022 मध्ये विंध्याचलला दिवसाला 20 टनांचा उभारला. तिरोड्याचा एक संच तेवढा वायू दोन मिनिटांत सोडतो.

पकडलेला वायू ठेवायचा कुठे? आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांत त्याचा बहुतांश भाग खनिज होऊन दगडात बसला. महाराष्ट्र तर बेसाल्टवरच उभा आहे. आयआयटी मुंबईत कार्बन पकडण्या-वापरण्याचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि दख्खनच्या या खडकाचा तिथे अभ्यास चालतो. पण आपल्या जिल्ह्याचे दुर्दैव असे की तो काळा खडक नागपूरपाशीच संपतो. देवरीच्या पायाखाली त्याहून कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट आणि नीस आहे, म्हणजे वायू पाइपातून पश्चिमेला न्यावा लागणार. शिवाय आइसलँडच्या पद्धतीला एका टन वायूमागे पंचवीसेक टन पाणी लागते. वैनगंगेच्या पाण्यावर आधीच किती दावेदार आहेत, ते इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

धानाच्या तुसावर चालणाऱ्या गिरण्यांच्या बॉयलरांना हे यंत्र परवडणार नाही. ते एवढ्या लहान चुलीसाठी नाहीच. मात्र तूस पूर्ण न जाळता कमी हवेत भाजला, तर त्यातला बराचसा कार्बन कोळशाच्या रूपात मातीत घालता येतो. हे काम इथे आजही करता येण्यासारखे आहे.

माझे मत स्पष्ट आहे. जुन्या संचांवर एकदम पूर्ण यंत्रणा चढवणे आज शहाणपणाचे नाही. आधी धुराच्या एखाद्या टक्क्यावर चाचणी प्रकल्प चालवून इथल्या राखेच्या कोळशाच्या धुरात अमाइन किती टिकते ते पाहावे. नव्या संचाच्या जनसुनावणीत कोणी ‘कार्बन पकडण्याची सोय ठेवली आहे’ असे सांगितले, तर उठून विचारा: वाफ कुठून घेणार, पाणी कुठले, आणि वायू नेऊन कुठे ठेवणार?