तेल खाणाऱ्या जिवाणूंची मशागत

रिफायनरीतल्या तेलाच्या टाक्या अधूनमधून आतून साफ कराव्या लागतात. तळाशी साचलेला काळा, चिकट गाळ तेव्हा बाहेर निघतो. कच्चं तेल, पाणी, रेती आणि थोडे जड धातू यांचा हा लगदा विकताही येत नाही आणि फेकूनही देता येत नाही. वर्षानुवर्षं तो आवारातल्या खड्ड्यांत साठत राहिला. खड्डा गळका असला की तेल मातीत मुरतं आणि तिथून भूजलात उतरतं.

हा गाळ जिवाणूंना खाऊ घालण्याचं एक तंत्र दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेत डॉ. बनवारी लाल यांच्या गटाने विकसित केलं. त्याचं नाव ‘ऑइलझॅपर’. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाची भुकटी करायची आणि तिच्यावर जिवाणूंचं मिश्रण पोसायचं. मिश्रणच हवं, कारण कच्चं तेल म्हणजे हजारो संयुगांची खिचडी. सरळ साखळीचे रेणू लवकर फस्त होतात, वलयांकित रेणूंना वेळ लागतो आणि डांबरासारखा शेवटचा भाग बराचसा तसाच उरतो. एकट्या जातीला हे सगळं पेलत नाही.

पुढचं काम कुठल्याही शेतकऱ्याच्या ओळखीचं आहे. तेलकट माती पसरायची, भुकटी टाकायची, नत्र-स्फुरद द्यायचं, ओल राखायची आणि नांगरट करत राहायची. नांगरट हवेसाठी. जिवाणूचं विकर तेलाच्या साखळीच्या टोकाला प्राणवायू जोडतं, त्यातून पुढे मेदाम्ल तयार होतं आणि ते दोन-दोन कार्बनच्या तुकड्यांनी तुटत जातं. आपलं शरीर चरबी जाळतं तेही असंच. तेलात कार्बनची चंगळ असते, पण नत्र-स्फुरद जवळपास नसतं; ते वरून दिल्याशिवाय जिवाणूंची संख्या वाढत नाही.

अलास्कात १९८९ साली ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सुमारे १ कोटी १० लाख गॅलन तेल सांडलं, तेव्हा जैविक सफाईसाठी किनाऱ्यावर मुख्यतः खतच फवारलं गेलं. तिथल्या मूळच्या जिवाणूंनी त्यावर जोर धरला. मात्र गोट्यांखाली, जिथे हवा पोचली नाही, तिथे काही तेल दशकांनंतरही सापडत राहिलं.

त्या मानाने गाजला तो शास्त्रज्ञ आनंदमोहन चक्रवर्ती यांनी प्रयोगशाळेत घडवलेला तेल खाणारा जिवाणू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ५ विरुद्ध ४ मतांनी त्याला पेटंटयोग्य ठरवलं. शोध मोठाच होता; पण उघड्यावर सांडलेल्या तेलावर तो जिवाणू कधी सोडला गेला नाही. पेटंटची कथा घरोघरी पोचली आणि खत-पाणी-नांगरटीची मागे राहिली, याचं मला वाईट वाटतं. माती खरोखर साफ होते ती या दुसऱ्या कामाने.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या जहाजांची टक्कर झाली आणि तेल खारफुटीपर्यंत पोचलं. खारफुटीत नांगर कसा घालणार? तिथला चिखल बोटभर खालीच प्राणवायूला पारखा असतो, आणि तुडवला तर मुळं दुखावतात. पसरून उलथता येणारी माती आणि हा चिखल यांना एकच उपाय लागू पडेल असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. जड धातू तर कुठलाच जिवाणू नाहीसे करू शकत नाही. फार तर त्यांचं रूप बदलतं.

‘इतके टक्के तेल संपलं’ असा दावा कुणी केला, तर शेजारच्या वाफ्याबद्दल विचारावं. तिथेही तीच माती, तेच खत, तेच पाणी, तशीच नांगरट हवी, फक्त बाहेरचे जिवाणू टाकलेले नकोत. काही तेल नुसतं उन्हाने उडून जातं, काही स्थानिक जिवाणू खातात. त्या वाफ्यात किती तेल उरलं हे कळल्याशिवाय, विकत आणलेल्या भुकटीने किती काम केलं ते ठरवता येत नाही.