एकट्या सायकलस्वाराचे काम

सायकल आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पारनेर तालुक्यातील सुपा गावात सकाळी पाहिले तर कोणी सायकलवरून शाळेत जातो, कोणी शेतावर, तर कोणी कारखान्यात. दोन मुले मोकळ्या मैदानात सायकली घेऊन आली की लगेच शर्यत लागते. शर्यत संपल्यावर दोघेही म्हणतात, "मीच पहिला आलो!" मग भांडण होते. ते मिटवणार कोण? अंतर कोणी मोजले, इशारा कोणी दिला, घड्याळ कोणी पाहिले, हे आधी ठरलेले नसेल तर सायकल कितीही वेगाने चालवली तरी निकाल लागत नाही.

जगातील मोठ्या शर्यतींचेही असेच आहे. तेथे नियम ठरवण्यासाठी 1900 साली पॅरिस शहरात सायकल खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. प्रत्येक देशात या खेळाची एक राष्ट्रीय संस्था असते. आंतरराष्ट्रीय संघटना त्या संस्थेला मान्यता देते. मग ती संस्था आपल्या देशात स्पर्धा घेते, चांगले खेळाडू निवडते आणि त्यांची नावे जागतिक स्पर्धेसाठी पाठवते. ज्या देशात अशी मान्य संस्था नाही, त्या देशातील खेळाडूच्या पायांत कितीही बळ असले तरी जागतिक स्पर्धेचे दार त्याला बंदच असते.

भारतासाठी हे दार उघडण्याच्या कामात एका सायकलपटूचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव जानकी दास. ते मूळचे लाहोरचे. त्या काळी भारत एकच होता आणि येथे इंग्रजांचे राज्य होते. 1938 साली ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या क्रीडास्पर्धा झाल्या. आज याच स्पर्धांना आपण राष्ट्रकुल स्पर्धा म्हणतो. त्या स्पर्धांत भारताकडून सायकल चालवणारे जानकी दास एकटेच होते.

एकट्या सायकलस्वाराची अडचण काय असते, हे नीट समजून घेतले पाहिजे. सायकल वेगाने चालवताना सर्वांत जास्त अडथळा वाऱ्याचा होतो. वेग जसजसा वाढतो, तसतसा हवेचा विरोध फार झपाट्याने वाढतो. पुढे एखादा स्वार असेल तर तो हवा कापत जातो आणि मागच्याचे कष्ट कमी होतात. म्हणून एका संघातील स्वार आळीपाळीने पुढे येतात. 4000 मीटरच्या सांघिक शर्यतीत प्रत्येक संघात चार स्वार असतात आणि संघातील तिसरा स्वार रेषा ओलांडतो तेव्हाची वेळ मोजली जाते. एकच स्वार कितीही जलद असला तरी त्याच्या बळावर ही शर्यत जिंकता येत नाही. साथीदारांना बरोबर घेऊनच पुढे जावे लागते.

सिडनीहून परत आल्यावर जानकी दास केवळ स्वतःच्या सरावात रमले नाहीत. मुंबईचे सोहराब भूत हेही सायकल खेळासाठी झटत होते. या दोघांनी मिळून भारतातील सायकलपटूंची राष्ट्रीय संस्था उभी केली. एक लाहोरचा, दुसरा मुंबईचा. दोन्ही शहरांत शेकडो मैलांचे अंतर, पण काम एक होते. 1946 साली या संस्थेला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील झुरिक शहरात दुसऱ्या महायुद्धानंतरची पहिली जागतिक सायकल स्पर्धा झाली आणि तीत भारताने भाग घेतला.

यानंतर दोनच वर्षांनी, 1948 साली, लंडनला ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. भारत नुकताच स्वतंत्र झाला होता. या ऑलिंपिकमध्ये भारताचे सायकलपटू रस्त्यावरील शर्यतीत उतरले आणि सांघिक शर्यतीतही उतरले. त्यांना पदक मिळाले नाही. परंतु दहा वर्षांपूर्वी जेथे एकच स्वार होता, तेथे आता पूर्ण संघ उभा होता. 1951 साली दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. तेथे सांघिक शर्यतीत भारतीय सायकलपटूंनी पदक मिळवले.

जानकी दास पुढे हिंदी चित्रपटांत नट म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी अनेक चित्रपटांत कामे केली. 2003 साली मुंबईत त्यांचे निधन झाले. लोकांना पडद्यावरचा त्यांचा चेहरा आठवतो, पण त्यांनी सायकल खेळासाठी केलेले काम फार थोड्यांना ठाऊक आहे. नटाचे काम सर्वांना दिसते. संस्था उभारणाऱ्याचे काम दिसत नाही. पत्रे लिहिणे, नियम समजून घेणे, माणसे जोडणे, स्पर्धा भरवणे, या कामाला टाळ्या मिळत नाहीत.

मात्र त्या कामाचे फळ मागून येणाऱ्यांना मिळते. आज भारतातील या खेळाचा कारभार सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडिया ही संस्था पाहते. 2018 साली अंदमान-निकोबार बेटांवरील एसो अल्बेन या तरुणाने स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकले. 2022 साली मणिपूरच्या रोनाल्डो सिंगने दिल्लीत आशियाई सायकल स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. आपल्या महाराष्ट्रातही पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरीत सायकल शर्यतींसाठी खास उतरत्या कडांची धावपट्टी आहे. अशा धावपट्टीवर चालणाऱ्या सायकलीला ब्रेक नसतो. म्हणून तेथे नियम आणि शिस्त पाळणे हे जिंकण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

मैदानातील त्या दोन मुलांना आता काय सांगावे? एकाने अंतर मोजावे, दुसऱ्याने इशारा द्यावा, तिसऱ्याने घड्याळ पाहावे आणि पाळी आली की प्रत्येकाने सायकल चालवावी. जो आज घड्याळ धरतो, तोही शर्यतीचा भाग असतो. जानकी दास यांनी सायकलही चालवली आणि शर्यत भरवण्याचे कामही केले. शर्यतीतला त्यांचा वेग त्यांच्यापुरता होता. त्यांनी उभारलेली संस्था मात्र पुढच्या सर्व सायकलपटूंच्या उपयोगी पडली.