चिकणमातीचा शोधनिबंध

व्याख्यानमालेच्या पत्रकात माझ्या नावापुढे हा विषय वाचून पुष्कळांना नवल वाटले असेल. जन्मभर मजुरांच्या सभा घेतलेल्या आणि शाळा अर्ध्यावर सोडलेल्या माणसाने, चिकणमातीच्या शास्त्रीय नियतकालिकाकडे शोधनिबंध कसा पाठवितात हे सांगावयास उभे राहावे, यात थोडा अगोचरपणा आहे हे मला कबूल आहे. परंतु या विषयाकडे मी हौसेने गेलो नाही. एका मजुरीच्या भांडणाने मला तिकडे नेले.

काही वर्षांपूर्वी, ऐन एप्रिलात, नागपुराबाहेर एका इमारतीच्या पायाचे चर खणण्याचे काम चालू होते. मजुरी घनमीटरवर ठरलेली आणि दर मऊ मातीचा. जमीन मात्र आपली काळी, भारी. ही जमीन श्रावणात पाय धरून ठेवते आणि चैत्रात टिकास परतवते. माझ्या सभासदांतील एक वयस्कर गडी म्हणाला, "हे माती नाही भाऊ, गोटा आहे गोटा." ठेकेदाराचे म्हणणे असे की, दरपत्रकात माती म्हणजे माती, आणि गोटा म्हणजे गोटा. प्रकरण तडजोडीसाठी एका अधिकाऱ्यापुढे गेले. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांनी मला नागपूर जिल्ह्यातील काळ्या मातीवरच्या एका शोधनिबंधाची प्रत दिली होती. तीत तक्ते होते, मातीत चिकणकण शेकडा किती हे खोलीवार दिलेले होते. मी ती मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवली.

अधिकाऱ्यांनी ती चाळली आणि एकच प्रश्न विचारला : "ही माती तुमच्या चरातली आहे काय?"

नव्हती. माती कोणत्या गावची, कोणत्या शेतातली, किती खोलीवरची, हे त्या निबंधानेच पहिल्या दोन पानांत प्रामाणिकपणे सांगून टाकले होते. मला ते वाचण्याची बुद्धी झाली नव्हती. त्या मुद्द्यावर मी हरलो. पुढे दराची तडजोड झाली ती मधल्या आकड्यावर, आणि तीही गड्यांनी चार दिवस काम बंद ठेवले म्हणून. परंतु त्या रात्री मी तो निबंध पुन्हा काढून बसलो, आणि ज्या कागदाने मला तोंडघशी पाडले त्याच्याबद्दल माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. आपल्या बाजूला सोयीचे तेवढेच सांगावयाचे नाही, हा नियम आमच्या मागणीपत्रकांत क्वचितच पाळला जातो.

आता मूळ वस्तूकडे येऊ. चिकणमाती म्हणजे नुसती चिकट माती नव्हे. शास्त्रात मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहून बारीक, म्हणजे ०.००२ मिलिमीटरखालच्या कणांना चिकणकण म्हणतात. हे कण बहुधा स्फटिकरूप खनिजांचे असतात, पत्र्यावर पत्रा रचावा तशी त्यांची रचना असते. केओलिनाइट नावाच्या खनिजात हे पत्रे एकमेकांना घट्ट धरून असतात, पाणी त्यांत शिरत नाही. आपल्या काळ्या मातीत प्रामुख्याने आहे ते स्मेक्टाइट गटाचे खनिज. त्याच्या पत्र्यांमध्ये पाणी शिरते, पत्रे दूर सरतात, माती फुगते. पाणी गेले की ती आकसते, आणि वैशाखात आपल्या शेतांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात. आपल्या घरांच्या भिंतींना तडे जातात तेही पुष्कळदा याच कारणाने. आपले शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी असे जमिनीचे भेद पूर्वीपासून करीत आले आहेत. त्या भेदांच्या पोटात काय आहे ते पाहण्याचे साधन मात्र विसाव्या शतकात, क्ष-किरणांच्या रूपाने हाती आले.

दख्खनच्या मातीची ही तपासणी परदेशी नियतकालिकात लवकरच पोचली. नागेलश्मिट, देसाई आणि म्यूर या तिघांनी हैदराबाद संस्थानातील काळी कापसाची माती आणि तांबडी माती यांतील चिकणखनिजांवर लिहिलेला निबंध १९४० साली 'जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स' या इंग्रजी नियतकालिकात छापून आला. पुढे १९७६ साली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन ब्यूरो नागपुरास स्थापन झाला. अमरावती रस्त्याने जाताना त्याची पाटी आपण सर्वांनी पाहिली आहे, आत काय चालते याची चौकशी मात्र फारशी कोणी केली नसेल. तेथील डी. के. पाल आणि एस. बी. देशपांडे यांनी १९८७ साली बेल्जियमच्या 'पेडोलॉजी' या नियतकालिकात भारतातील काळ्या जमिनींच्या खनिजांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष मोठा मनोरंजक आहे. आजच्या आपल्या कोरड्याशा हवामानात एवढे स्मेक्टाइट तयार होणे शक्य नाही. ते पूर्वीच्या, अधिक पावसाच्या काळात बेसॉल्टच्या झिजेतून झाले असले पाहिजे. म्हणजे ज्या मातीवर आपण उभे आहोत ती वेगळ्याच पावसाळ्यांची कमाई आहे. १९९३ साली टी. भट्टाचार्य यांनी पाल व देशपांडे यांच्याबरोबर सह्याद्रीतील तांबड्या व काळ्या मातीवर लिहिलेला निबंध इंग्लंडच्या 'जर्नल ऑफ सॉइल सायन्स'मध्ये आला.

असा निबंध तयार कसा होतो? खरे काम कुदळीने सुरू होते. माणूस उभा राहील एवढा खोल खड्डा खणतात, त्याच्या भिंतीवर थर पाहून प्रत्येक थराची माती वेगळ्या पिशवीत भरतात. पिशवीत चिठ्ठी : गाव, तारीख, खोली. चिठ्ठी हरवली तर पुढची सारी मेहनत व्यर्थ. माती सावलीत वाळवून, लाकडी मोगरीने फोडून चाळतात. मग तिच्यातील चुना, सेंद्रिय द्रव्य आणि लोहाचे गंज एकेक करून काढून टाकतात, कारण ही सारी क्ष-किरणांच्या चित्रात गोंधळ करतात. लोह काढण्याची एक रीत मेहरा आणि जॅक्सन यांनी १९६० साली प्रसिद्ध केली. आजही जगभरचे निबंध तिचे नाव घेतात. एवढे नाव घेतले की वाचणाऱ्याला नेमके काय केले ते कळते.

मग ती माती पाण्यात ढवळून ठेवावयाची. जाड कण लवकर बुडतात, चिकणकण तरंगत राहतात. पाणी २० अंशांवर असेल तर ०.००२ मिलिमीटरचा कण १० सेंटिमीटर खाली यावयास सुमारे ८ तास लागतात. तेवढा वेळ थांबून वरचे १० सेंटिमीटर पाणी काढून घेतले की त्यात चिकणकण तेवढे येतात. आता आपल्या नागपुराचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. पाणी ४० अंशांवर गेले तर ते पातळ होते आणि तोच कण पाच-सव्वापाच तासांत खाली येतो. घड्याळ पाहून आठ तास थांबलेल्या माणसाने हवे ते कण घालविले, हे त्याला कळणारसुद्धा नाही. म्हणून निबंधात तास लिहून भागत नाही, पाण्याचे तापमानही लिहावे लागते. हे मला कळले तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. उपस्थितीपटावर वेळ लिहिली पण पाळी लिहिली नाही, एवढ्या चुकीने बुडालेले दावे मी पाहिले आहेत.

यानंतर क्ष-किरण. पत्र्यांमधले अंतर अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. मॅग्नेशियम दिलेल्या स्मेक्टाइटचे अंतर सुमारे १४ भरते. परंतु क्लोराइट नावाच्या दुसऱ्या खनिजाचेही १४ च भरते! मग साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. तीच माती ग्लायकॉलच्या वाफेत ठेवतात. स्मेक्टाइट फुगून १७ वर जाते, क्लोराइट हलत नाही. पोटॅशियम देऊन ५५० अंशांपर्यंत तापविली की स्मेक्टाइट मिटून १० वर येते. केओलिनाइटची ७ ची खूण या तापात नाहीशी होते. या चारही परीक्षांची चित्रे निबंधात द्यावी लागतात. एकच चित्र जोडून "यात स्मेक्टाइट आहे" म्हणणाऱ्याचा निबंध परत येतो, आणि योग्यच होते.

आता पाठविणे. चिकणखनिजांना वाहिलेली नियतकालिके जगात मोजकीच आहेत. इंग्लंडचे 'क्ले मिनरल्स' १९४७ साली 'बुलेटिन' म्हणून निघाले. अमेरिकेतील संस्थेचे 'क्लेज अँड क्ले मिनरल्स' आहे. आपल्याकडील चिकणखनिज संस्थेचे 'क्ले रिसर्च' १९८२ पासून आहे. कोणाकडे पाठवावे हे प्रश्नावरून ठरते. नागपूरच्या एका शेताची माती कशी आहे एवढेच सांगावयाचे असेल तर परदेशी संपादक विचारील, याचे इतरांना काय? जुन्या पावसाचा पुरावा मातीत सापडतो असे सांगावयाचे असेल तर तोच संपादक कान देईल.

निबंधाबरोबर संपादकास पत्र जाते. त्यात दोन गोष्टींची हमी द्यावी लागते : हे काम पूर्वी छापलेले नाही, आणि याच वेळी दुसऱ्या कोणाकडे पाठविलेले नाही. एकाच मागणीवर दोन न्यायालयांत दावे लावू नयेत, तसेच हे. खनिजांची नावे आंतरराष्ट्रीय समितीने ठरविल्याप्रमाणेच वापरावी लागतात, नाहीतर प्रत्येकाचे स्मेक्टाइट निराळे. संपादक प्रथम स्वतः वाचतो. त्याच्या कक्षेतले नसेल तर तेथूनच परत. असेल तर त्याच विषयातील दोन किंवा तीन जाणत्यांकडे परीक्षणास धाडतो. त्यांची नावे लेखकास बहुधा कळत नाहीत. हे परीक्षक आपापली नोकरी सांभाळून, रात्री जागून वाचतात आणि याबद्दल त्यांना सहसा एक पैसा मिळत नाही. बिनपगारी काम म्हटले की माझ्या कपाळाला आठी पडते. काही नियतकालिके मोठ्या नफेखोर प्रकाशकांची आहेत आणि हे फुकटचे श्रम त्यांच्या नफ्यात जमा होतात, हे मला आजही पटत नाही. परंतु पंच आपल्याच धंद्यातला असावा, आणि त्याने लेखकाचा हुद्दा न पाहता तक्ता पाहावा, ही रीत मला मान्य आहे.

परीक्षकांचे आक्षेप येतात तेव्हा नवख्याचा धीर सुटतो. प्राध्यापकांनी मला एक असे उत्तर दाखविले. प्रत्येक आक्षेप क्रमांकाने उतरून घेतलेला, त्याखाली उत्तर : हे मान्य, अमुक पानावर दुरुस्ती केली, हे मान्य नाही, कारण असे. रागाचा शब्द नाही. कारखान्याच्या चौकशीत आरोपपत्राला उत्तर देताना मी गड्यांना हेच शिकवितो, फक्त मला स्वतःला ते जमत नाही. पुष्कळ निबंध दोनदा-तीनदा असे फिरतात, वर्ष सहज जाते. नाकारला गेला तर सुधारून दुसरीकडे पाठविता येतो, त्यात अब्रू जात नाही.

पैशाचेही सांगितले पाहिजे. जी नियतकालिके वाचकांकडून वर्गणी घेतात ती लेखकाकडून बहुधा काही मागत नाहीत. जी सर्वांना फुकट वाचू देतात ती पुष्कळदा खर्च लेखकाकडून घेतात, आणि काही ठिकाणी ही रक्कम हजार डॉलरच्या पुढे जाते. आणि ज्यांचा परीक्षक कोणी नाही, संपादक कोण ते ठाऊक नाही, पैसे भरले की आठ दिवसांत छापतो म्हणतात, अशीही दुकाने निघाली आहेत. नोकरीतील बढतीसाठी अडलेली आपली तरुण मुले त्यांच्या जाळ्यात सापडतात. त्या मुलांना दोष देण्यापूर्वी बढतीचे नियम करणाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

राहिला नावांचा प्रश्न. ज्याने कल्पना मांडली, तपासणी केली, लिहिले, त्याचे नाव लेखक म्हणून येते. ज्याने इतर मदत केली त्याचे शेवटी ऋणनिर्देशात. आठ फूट खड्डा ज्याने एप्रिलात खणला त्याचे नाव मी वाचलेल्या निबंधांत बहुधा कोठेच नव्हते. "स्थानिक मजुरांच्या साहाय्याने" एवढे असले तरी मी ते भाग्य समजतो. त्याला लेखक करा असे मी म्हणत नाही. लेखकाला निबंधातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी घ्यावी लागते. परंतु थर कोठे बदलला हे पुष्कळदा टिकासीच्या आवाजावरून त्यालाच प्रथम कळते. ऋणनिर्देशाच्या दोन ओळींत त्याचे नाव लिहावयास कोणत्याही नियतकालिकाची बंदी नाही. मी हे त्या प्राध्यापकांना बोललो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग त्यांनी वहीत काही टिपून घेतले. काय टिपले ते मी विचारले नाही.

पदवी नसलेल्या माणसाने निबंध पाठविला तर घेतात काय, असे मला मागच्या आठवड्यात एका विहीर खणणाऱ्या तरुणाने विचारले. संपादक पदवी विचारीत नाही. माती कोठली, किती खोलीची, कशी धुतली, हे विचारतो. क्ष-किरणाचे यंत्र मात्र आपल्याजवळ नसते, तेव्हा ज्याच्याजवळ आहे त्याच्या दारी जावे लागेल आणि निबंध दोघांच्या नावाने होईल. त्या तरुणाने बारा विहिरींत काळ्या मातीखाली मुरूम किती हातांवर लागला ते वहीत लिहून ठेवले आहे. वहीत गावे आहेत, खोल्या आहेत, तारखा नाहीत. मी त्याला घरी परत पाठविले आहे. त्याची आई म्हणते, कोणती विहीर कोणत्या सणाच्या आधी खणली ते तिला आठवते.