काला, थर आणि सलामी : टेंभी नाक्यावरील हंडीची परिभाषा

समाज आपल्या मूल्यांची चर्चा केवळ ग्रंथांतून करीत नाही. भर रस्त्यात ती करूनही दाखवितो. ठाण्यातील टेंभी नाक्यावर श्रावण वद्य नवमीस होणारा दहीहंडीचा सोहळा हे याचे बोलके उदाहरण होय. शिवसेनेचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे (निधन २००१) यांनी सुरू केलेली ही हंडी ‘मानाची हंडी’ म्हणून ओळखली जाते. अशा सोहळ्यातील शब्द तपासले असता त्यांमागील मूल्येही उलगडू लागतात.

पहिला शब्द ‘काला’. ‘कालविणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते उघड आहे. अनेकांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून सर्वांनी मिळून खावयाचे, हा काल्याचा अर्थ. वारकरी सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते, ती याच भावनेने. येथे मूल्य आहे वाटून घेण्याचे. ‘हंडी फोडणे’ या प्रयोगातही हंडी हेच साध्य असून माणसांचा मनोरा हे केवळ साधन आहे.

‘थर लावणे’ या प्रयोगात मात्र साधनच साध्य होते. संस्कृत ‘स्तर’ शब्दापासून आलेला ‘थर’ येथे मोजमापाचे एकक बनतो. हंडी कोणी फोडली यापेक्षा थर किती लागले, हा प्रश्न मोठा ठरतो. २०१२ साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यातच नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम नोंदविला. ‘सलामी’ ही याच्याही पुढची पायरी होय. पथक थर रचते, वरचे मूल हात उंचावते आणि हंडीस स्पर्श न करता सर्व खाली उतरतात. फोडण्याची क्रिया गळाली. मान घेणे व देणे तेवढे उरले.

परंतु उंचीचे मोल कोण देतो? सर्वांत वर चढतो तो वजनाने हलका, म्हणून बहुधा वयाने लहान. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने उंचीस वीस फुटांची व वयास अठरा वर्षांची मर्यादा घातली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम राखली. २०१७ साली उच्च न्यायालयाने उंचीचे बंधन घालण्यास नकार दिला. चौदा वर्षांखालील मुलांचा सहभाग नसेल, ही शासनाची हमी मात्र स्वीकारली. परंपरा आणि बालकाचे रक्षण यांतील हा वाद अशा रीतीने फूट व वर्षे यांच्या भाषेत लढला गेला.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतातही असेच मानवी मनोरे रचतात. २०१० साली युनेस्कोने त्यांस अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे मनोरा पूर्ण झाला पण उतरताना कोसळला, तर त्यास ‘कारेगात’ म्हणतात. सर्वजण सुखरूप उतरले, तरच तो ‘देस्कारेगात’. दुसऱ्याची प्रतिष्ठा अधिक. आपल्याकडे ‘थर उतरविणे’ हा प्रयोग रूढ आहे. पण सुखरूप उतरण्याच्या यशास स्वतंत्र नाव असल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकिवात नाही.

शब्दाने अपघात टळत नाही, हे खरे. परंतु समाज ज्यास नाव देतो, त्याचीच तो गणना करतो. आणि ज्याची गणना करतो, त्यासच मान देतो. वरच्या थरावरील मूल जमिनीवर परत येईपर्यंत सलामी पुरी झाली असे न मानणे, यात ‘काला’ या मूळ शब्दाचाच मान आहे.