ऊन फुकट, पाणी महाग

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा बेचाळीसच्या पुढे सरकला, की शहाणा माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. पण पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. सेकंदांवर गुण आणि गुणांवर घरची चूल. मग कुणीतरी सल्ला देतोच, "उन्हात पळा, अंग टणक होतं!"

हा सल्ला अगदीच खोटा नाही. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील सुमारे तीन चतुर्थांश भागाची उष्णताच होते. ती बाहेर टाकायला रक्त त्वचेकडे वळते आणि पायांना कमी पडते. मात्र दहा ते चौदा दिवस, रोज तासभर, उष्म्यात बेताने सराव केला तर शरीर शिकते. रक्तातील द्रवाचा अंश वाढतो, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, नाडी फार चढत नाही. ही ठेव मात्र मुदतीची. सराव थांबला की काही आठवड्यांत संपते.

आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जात असे. सैन्यात गेल्यावर त्याने सियाचीनचा बर्फ पाहिला, राजस्थानचे वाळवंटही पाहिले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने जिंकले. पण त्याचे श्रेय एकट्या उन्हाला देणे भाबडेपणाचे ठरेल. त्यामागे सैन्याची शिस्त, प्रशिक्षक आणि वर्षांची मेहनत होती.

ऊन तयारीच्या माणसालाही सोडत नाही. २०१९ च्या दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ पैकी २८ जणींनी ती अर्ध्यावर सोडली.

खरी अडचण पाण्याची आहे. गेलेला घाम पाण्याने आणि मिठानेच भरून निघतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा हिशेब कुणाला समजावून सांगायला नको. धावणाऱ्याला चक्कर आली, मळमळले, तो असंबद्ध बोलू लागला, तर ती जिद्द नव्हे, धोका आहे. त्याला लगेच सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतावे आणि दवाखाना गाठावा.

मराठवाड्याच्या लेकरांना ऊन सोसायला शिकवावे लागत नाही. त्यांच्या मैदानावर एक नळ आणि चार झाडे असावीत, एवढे मात्र आपण पाहायला हवे.