वनस्पतिपेशीतील कॅलरेटिक्युलिनचे स्थान

एखादे प्रथिन कॅल्शियमशी बद्ध होते, एवढ्यावरून त्याच्या कार्याचा उलगडा होत नाही. ते पेशीच्या कोणत्या कप्प्यात असते, हे कळल्यावाचून त्या गुणधर्माचा अर्थ लागत नाही. कॅलरेटिक्युलिन हे याचे उत्तम उदाहरण होय. ऑस्टवाल्ड व मॅक्लेनन यांनी १९७४ मध्ये सशाच्या स्नायूंत वर्णिलेले हे प्रथिन पुढे वनस्पतींतही आढळले.

या प्रथिनाच्या कार्बॉक्सिल टोकाकडील आम्लधर्मी भाग पुष्कळ कॅल्शियम आयन धरतो. मात्र ही पकड सैल असते. पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम अवघे ०.१ मायक्रोमोलरच्या आसपास असते. तेथे अशी सैल पकड निरुपयोगी ठरेल. आंतर्द्रव्यजालिकेच्या पोकळीत मात्र कॅल्शियमचे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असल्याने तोच गुण साठवणीस उपकारक होतो.

प्रथिनाची रचनाही हेच सुचविते. आरंभीचा संकेतखंड त्यास जालिकेत नेतो. अखेरची हिस्टिडीन, अ‍ॅस्पार्टिक अम्ल, ग्लुटामिक अम्ल व ल्यूसीन ही चौकडी, ते गॉल्जी पिंडापर्यंत निसटल्यास, त्यास परत आणविते. म्हणूनच प्रकाशमान प्रथिनाचे शेपूट या टोकास जोडून स्थाननिश्चिती करू पाहणाऱ्याने सावध राहावे. परतीची खूणच झाकली गेली, तर दिसणारे स्थान नैसर्गिक राहत नाही.

१९९९ मध्ये बालुश्का व सहकाऱ्यांनी मक्याच्या मूलाग्रांत हे प्रथिन प्लाझ्मोडेस्माटांतही, म्हणजे शेजारच्या पेशींना जोडणाऱ्या सूक्ष्म मार्गांतही, दाखविले. वरकरणी हा विरोध वाटतो. परंतु या मार्गांच्या मध्यातून जालिकेचीच एक आकुंचित नलिका जाते, हे ध्यानी घेतल्यास विरोध बराचसा मावळतो. तरीही एक मर्यादा उरते. प्रतिपिंडांना जोडलेला सुवर्णकण मूळ प्रथिनापासून १५ ते २० नॅनोमीटर दूर पडू शकतो आणि मार्गाचा व्यास सुमारे ५० नॅनोमीटर असतो. त्यामुळे प्रथिन नलिकेच्या आत आहे की बाहेर, हे केवळ कणांवरून ठरत नाही.

सारांश, कॅलरेटिक्युलिनचे मुख्य स्थान आंतर्द्रव्यजालिकेची पोकळी हे होय. अन्यत्र ते आढळल्यास नव्या कार्याची कल्पना करण्यापूर्वी जालिकेचा विस्तार व पद्धतीची अचूकता या दोहोंचा विचार व्हावा.