गौरव झाला, वाट केव्हा?

महाड तालुक्यातील शिवथरच्या घळीकडे जाणाऱ्याला वाटेतल्या पायऱ्या सहसा आठवतही नाहीत. पावसाळ्यातला धबधबा आणि समर्थ रामदासांनी येथे 'दासबोध' सांगितला ही परंपरा, यांतच त्याचे मन गुंतलेले असते. परंतु जो चाकांच्या खुर्चीत बसून येतो, त्याला पहिल्या पायरीशीच थांबावे लागते. यत्नाची थोरवी सांगणाऱ्या ग्रंथाच्या या स्थळी आम्हांस मुरलीकांत पेटकर यांचे स्मरण होते, ते यामुळेच.

पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे. सैन्यात शिरून त्यांनी मुष्टियुद्धात नाव मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले. १९६८ साली तेल अवीव येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धेत ते टेबलटेनिस खेळले. पुढे १९७२ साली हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अपंगांच्या या जागतिक स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्णपदक होय. त्याच वेळी चाकांची खुर्ची अडथळ्यांमधून वळवीत नेण्याच्या शर्यतीतही ते अंतिम फेरीपर्यंत पोहोचले होते.

त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे तब्बल ४६ वर्षांनी! जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत लाभला. उशिरा का होईना, गौरव झाला याचा आम्हांस आनंद आहे. पण टाळ्या वाजविण्यास खर्च येत नाही. उंबरठ्याशी उतार बांधण्यास थोडा येतो. हायडेलबर्गला अडथळे होते ते खेळाचे, नेमाने मांडलेले. आपल्या गावांतले अडथळे मात्र बारा महिने तसेच असतात, आणि ते पार करणाऱ्याला कोणी पदक देत नाही.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करण्यास, नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम २०१७ साली झाले. मुदत २०२२ साली सरली. कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे महाडला कोणी शिकवावयास नको. नगरपालिकेने ठराव करूनही चवदार तळे अस्पृश्यांस बंदच राहिले होते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर अनुयायांसह तेथे जाऊन पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावाला अर्थ आला. ते दुःख आणि हे दुःख एक नव्हे. परंतु ठराव आणि वाट यांतले अंतर दोन्हीकडे सारखेच.

डोंगर फोडा, असे आमचे म्हणणे नाही. निदान शाळा, दवाखाना, कचेरी आणि एस. टी. स्थानक एवढ्या ठिकाणी तरी चाके सुखाने जावीत. एखाद्या खेड्यातील मुलाच्या अंगी उद्याचा पेटकर असेल, तर त्याची पहिली शर्यत शाळेच्या पायरीशीच संपू नये, एवढेच आमचे मागणे आहे.